गाभण कुत्रीचं पोट वारंवार बिघडतंय? आधी दिवस मोजा, मग ताट बघा

तक्रार साधारण अशी असते. मेटिंगला महिना झालाय, कुत्री दोन दिवस खात नाही, सकाळी पिवळं ओकते, मग एक दिवस बरी राहते, मग जुलाब. गोळी दिली की थांबतात आणि आठवड्यात परत सुरू. असा त्रास पुन्हा पुन्हा होतो तेव्हा बहुतेक वेळा दर खेपेचं कारण वेगळं असतं, आणि उपाय मात्र दर खेपेला तोच केला जातो. एक दिवस उपास, मग दूध-भाकरी, वर माणसांच्या औषधांच्या डब्यातली गोळी. एरवी हे कसंबसं खपून जातं, गाभणपणात अंगाशी येतं.

पहिलं काम भिंतीवरच्या कॅलेंडरचं. कुत्रीचं गाभणपण सरासरी 63 दिवसांचं. मेटिंगच्या दिवसापासून मोजलं तर 58 ते 68 दिवसांत कधीही वेणं होऊ शकतं, कारण मेटिंग आणि बीज सुटणं एकाच दिवशी होत नाही. दोनदा मेटिंग झालं असेल तर दोन्ही तारखा लिहून ठेवा. एकच उलटी 25व्या दिवशी, 45व्या दिवशी आणि 61व्या दिवशी तीन वेगळ्या गोष्टी सांगते, आणि तारीख माहीत नसेल तर डॉक्टरही अर्धे अंधारात असतात.

तिसरा-चौथा आठवडा: खात नाही, ओकते

साधारण 20 ते 30 दिवसांच्या दरम्यान बऱ्याच कुत्र्या जेवण कमी करतात. संप्रेरकांमधले बदल आणि ताणलं जाणारं गर्भाशय ही त्याची कारणं. एखाद-दुसरी उलटी, ताट हुंगून बाजूला जाणं, आवडीचंच खाणं, हे काही दिवस चालतं आणि आपोआप संपतं. कुत्री पाणी पितेय, शेपूट हलवतेय, हिरड्या गुलाबी आहेत, ताप नाही, तर घाई करू नका. या काळात मोठी चूक होते ती ताट रोज बदलण्याची. सोमवारी चिकन, मंगळवारी पेडिग्री, बुधवारी अंडी, गुरुवारी कुणीतरी सांगितलं म्हणून कलेजी. भूक मंदावलेल्या आतड्याला रोज नवं अन्न दिलं की जुलाब होणारच. मग लोक म्हणतात, आधी उलटी होती, आता खालूनही सुरू झालं!

सकाळचा पिवळा फेस हा वेगळा प्रकार. रात्री आठला जेवण, सकाळी नऊला नाश्ता, मधले तेरा तास पोट रिकामं. पित्त उलटं जठरात येतं आणि पहाटे फेसाळ पिवळं पाणी बाहेर पडतं. यावर गोळी लागत नाही. दिवसाचं अन्न तेवढंच ठेवून त्यातलं मूठभर रात्री साडेदहा-अकराला द्या आणि सकाळचं पहिलं खाणं उठल्या उठल्या द्या. तीन-चार दिवसांत फेस थांबला तर कारण तेच होतं. नाही थांबला तर दाखवा.

सुरुवातीलाच एक शंका काढून टाका: ती खरंच गाभण आहे का? हीटनंतर, म्हणजे माजानंतर, दोन ते आठ आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा आजार होतो, आणि त्यात कुत्री खात नाही, ओकते, पाणी खूप पिते, लघवी खूप करते, कधी पोटही फुगतं. मेटिंग झालेलं असलं की घरचे हे सगळं डोहाळे समजून सोडून देतात. मागून पू किंवा दुर्गंधी स्राव दिसला तर निदान सोपं, पण गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही आणि विष आत साठत जातं. म्हणून 25 ते 30 दिवसांच्या दरम्यान एक सोनोग्राफी कराच. खोट्या गाभणपणातही भूक जाते, सड फुगतात, दूधसुद्धा येतं. तीन शक्यता, एकाच तपासणीत वेगळ्या होतात.

ताटात काय चुकतं

कोल्हापुरात कुत्र्याचं ताट घरच्यांच्या ताटातून भरतं. रविवारी मटण, आणि उरलेला रस्सा भाकरीत कुस्करून कुत्रीला. तांबड्या रश्शात कांदा, लसूण, सुकं खोबरं आणि वर चमचाभर कांदा-लसूण चटणी असते. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्यानं, वाळवल्यानं किंवा पूड केल्यानं त्याचं विष जात नाही. एका वेळी वजनाच्या 0.5 टक्के कांदा, म्हणजे 20 किलोच्या कुत्रीला 100 ग्रॅम, इतक्यावर रक्तातला बदल दिसू शकतो, आणि रोज थोडा थोडा पोटात गेला तरी परिणाम साचतो. पांढरा रस्सा तिखट नसतो म्हणून चालेल, असा समज आहे. लसूण त्यातही असतो, आणि नारळाचं दूध नि मटणाची चरबी मिळून स्वादुपिंडाला सूज आणायला पुरेशी होते. रविवारी रस्सा, मंगळवारी उलट्या, गुरुवारी बरं, पुढच्या मंगळवारी परत, असं वेळापत्रक दिसलं तर रोग शोधायला लांब जायला नको.

शिजलेली हाडं हा दुसरा भाग. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, टोकदार तुकडे पडतात, आतड्यात चुरा साचून पांढरा, खडूसारखा मळ होतो. शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांमुळे आतड्याला जागा आधीच कमी असते, तिथे असा मळ अडकला की कुत्री कुंथत राहते. कच्च्या चिकनचे टाकाऊ तुकडे दुकानातून स्वस्तात मिळतात म्हणून देणारेही खूप आहेत. गाभण कुत्रीला कच्चं मांस नको. साल्मोनेला हा जंतू जुलाब करतो, आणि कच्च्या मांसातून जाणारे काही परजीवी थेट गर्भापर्यंत पोचतात. रानात किंवा वस्तीवर कुत्री मोकळी असेल तर गोठ्याकडेही लक्ष ठेवा. गाई-म्हशीची, शेळीची वार (वेल्यावर बाहेर पडणारा जार) उकिरड्यावर टाकली जाते आणि कुत्री ती उकरून खाते. गाभडलेल्या जनावराची वार असेल तर त्यातून ब्रुसेला हा जंतू येऊ शकतो, आणि तो कुत्रीचाही गर्भ पाडू शकतो. वार खोल पुरा, वर चुना टाका.

दुधाचं सांगायचं तर कोल्हापूरकराला दूध नको म्हणणं अवघडच. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची इथली सवय, आणि घरात गाभण कुत्री म्हटलं की तिच्यासाठी अर्धा लिटर वेगळं. पण मोठ्या कुत्र्याच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर कमी असतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढते, आंबते, गॅस धरतो, पातळ होतं. त्यात म्हशीच्या दुधातली चरबी. कच्चं असेल तर जंतूंची भर. दूध पूर्ण बंद करून पाच दिवस बघा. वारंवार पातळ होणाऱ्या कितीतरी कुत्र्या एवढ्यानंच सुधारतात. दोन-तीन चमचे ताजं, आंबट नसलेलं दही बहुतेकींना चालतं.

गुऱ्हाळं सुरू झाली की आणखी एक प्रकार दिसतो. काहिलीच्या कडेला सांडलेली काकवी आणि मळी कुत्री चाटतात. इतकी साखर एकदम पोटात गेली की पाण्यासारखे जुलाब. हंगामात गाभण कुत्रीला बांधून ठेवा, दुसरा उपाय नाही. पावसाळ्यात पेंड, भरडा, मक्याचा चुरा यांना बुरशी लागते आणि बुरशीचं विष यकृतावर जातं. जनावरांच्या खाद्याचं पोतं कुत्रीच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. सुटं डॉग फूड किलोवर घेत असाल तर तेही तपासा. पोतं उघडल्यावर दमट हवेत त्यातली चरबी खवट होते. वास तेलकट, जुन्या शेंगदाण्यासारखा आला तर टाकून द्या. लहान बंद पाकीट घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्याभरात संपवा.

पहिले पाच आठवडे खाणं वाढवायची गरज नसते. पिल्लांची खरी वाढ शेवटच्या तीन आठवड्यांत होते. तेव्हा हळूहळू 25 ते 50 टक्के वाढवा. घरात एरवी साधारण हजार-अकराशे कॅलरी लागणारी 20 किलोची कुत्री शेवटी तेराशे ते सोळाशेपर्यंत जाते. ते दोन जेवणांत मावत नाही. पोटावर पिल्लांचा दाब असतो म्हणून चार-पाच लहान ताटं करा. एका दमात पोटभर खाल्लं की दहा मिनिटांत न पचलेलं तसंच बाहेर येतं, याचं कारण बहुधा हेच. याच काळात पिल्लांसाठीचं म्हणजे पपी फूड सुरू करायचं असतं, पण सात दिवसांत: पहिले दोन दिवस पाव भाग नवं, पुढचे दोन निम्मं, पुढचे दोन पाऊण, मग पूर्ण. नुसत्या भाकरी-दुधावर किंवा भात-वरणावर पिल्लं पोसली जात नाहीत.

मुधोळ किंवा कारवान जातीच्या कुत्र्या आपल्या भागात खूप आहेत, आणि त्यांच्या फासळ्या दिसणं नैसर्गिक आहे. गाभण मुधोळ अशक्त दिसते म्हणून तिला ठोसून खाऊ घालणारे आधी तिचं पोट बिघडवतात, मग तिचं बाळंतपण जड करतात. वजन काट्यावर बघा. वेण्याआधी मूळ वजनाच्या 15 ते 25 टक्के वाढ पुरे.

कॅल्शियम हा सगळ्यात हट्टी गैरसमज. गाभणपणात कॅल्शियमचं सिरप किंवा गोळ्या दिल्या की शरीराची स्वतः हाडांतून कॅल्शियम काढायची यंत्रणा सुस्तावते. वेल्यावर दूध उतरतं, मागणी एकदम वाढते, आणि यंत्रणा जागी होईपर्यंत रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. पोटापुरतं बोलायचं तर त्या गोळ्यांनी मळही कडक होतो. पपी फूडमध्ये लागतं तेवढं असतं. कलेजीही रोज नको, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर गर्भाला अपाय होतो. आठवड्यातून एकदा चार तुकडे ठीक.

जुलाब सुरू झाल्यावर घरी काय करायचं

एरवी मोठ्या कुत्र्याला जुलाबात बारा तास उपाशी ठेवतात. पाचव्या आठवड्यानंतर गाभण कुत्रीला सहा ते आठ तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका. पोटातली पिल्लं तिची साखर ओढत असतात. खाणं बंद झालं की तिची साखर उतरते, अंगातली चरबी जळून रक्तात कीटोन नावाचे घटक वाढतात, आणि साध्या जुलाबाची केस गंभीर होते.

उलटी थांबून तास-दोन तास झाले की पाणी द्या, थोडं थोडं. साधं ओआरएस पाकिटावर लिहिल्याप्रमाणे एक लिटरमध्ये विरघळवून, दर 10 किलो वजनाला दोन-तीन मोठे चमचे, अर्ध्या तासानं पुन्हा. शुगर-फ्री काहीही नको, त्यातलं झायलिटॉल कुत्र्याला विषारी असतं. पिचकारीनं घशात जोरात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. चाटू द्या. पाणी टिकलं की एक भाग उकडलेलं, कातडी नि हाड काढलेलं चिकन आणि दोन भाग मऊ भात, मीठ-हळद-तेल काही नाही. रोजच्या जेवणाच्या एक चतुर्थांशाइतकं, दर तीन-चार तासांनी. हे तीन-चार दिवसांपुरतं. ‘पोट बरं आहे ना’ म्हणून महिनाभर चिकन-भातावर ठेवलेली कुत्री कुपोषित होते.

विष्ठा नीट बघा, कितीही नकोसं वाटलं तरी. प्रमाण मोठं, पाणचट आणि दिवसातून तीन-चार वेळा असेल तर बिघाड लहान आतड्यात. थोडी थोडी, दहा वेळा, शेंबडासारखा चिकट पदार्थ आणि शेवटी ताज्या रक्ताचा थेंब, तर मोठ्या आतड्यात. डांबरासारखी काळी म्हणजे वर कुठेतरी रक्त जातंय, त्याच दिवशी दवाखाना. आठ-दहा दिवसांत दुसऱ्यांदा जुलाब झाले तर औषध बदलण्याआधी तपासणी करा. जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी विष्ठेतून रोज बाहेर पडत नाही, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे ताजे नमुने घ्या, झाकणाच्या डबीत, फ्रिजमध्ये (घरच्यांना सांगून). एकच नमुना ‘काही नाही’ आला म्हणून जिआर्डिया नाही असं होत नाही.

जंताच्या औषधात नावावरून घोळ होतो. शेळ्या-मेंढ्यांसाठी घरात आणलेली अल्बेंडाझोलची बाटली आणि फेनबेंडाझोल ही एकच गोष्ट नाही. अल्बेंडाझोल गर्भात व्यंग आणू शकतं, गाभण कुत्रीला ते देऊ नये. फेनबेंडाझोल गाभणपणात वापरता येतं. गोलकृमीच्या अळ्या आईच्या स्नायूंत झोपलेल्या असतात आणि साधारण सहाव्या आठवड्यापासून वारेतून पिल्लांत जातात. ते रोखायला 40व्या दिवसापासून वेल्यानंतर 14व्या दिवसापर्यंत दर किलो वजनाला 50 मिलिग्रॅम रोज, अशी पद्धत आहे. 20 किलोला रोज एक ग्रॅम. हा लांब कोर्स आहे, स्वतःच्या मनानं सुरू करू नका, वजन करून डॉक्टरांकडून लिहून घ्या.

माणसांच्या डब्यातलं बाकीचं: मेट्रोनिडाझोल गाभणपणात, विशेषतः पहिल्या महिन्यात, टाळतात. टेट्रासायक्लिन, डॉक्सीसायक्लिननं पिल्लांची हाडं-दात बिघडतात. जुलाब बांधायची लोपरामाइडची गोळी नको. पोट दुखतंय असं वाटून दिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्रीच्या जठरात व्रण पाडते.

पावसाळ्यात पाण्यावर संशय घ्या. पंचगंगेचं पाणी उतरल्यावर करवीर-शिरोळकडच्या पूरगावांत डबक्यांचं, चिखलाचं पाणी कुत्री पितात. त्यात उंदराच्या मुतातून आलेला लेप्टोस्पायरा हा जंतू असतो. उलटी, ताप आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर पोटाचं औषध देत बसू नका. गोचिडताप हाही उलटी आणि न खाण्यानं सुरू होतो, हिरड्या फिक्या पडतात. कानात नि बोटांमध्ये गोचीड शोधा आणि रक्त तपासा.

कुंथते पण होत नाही

सातव्या आठवड्यानंतर मळ कडक होणं नेहमीचं. फिरणं कमी झालेलं असतं, पाणी कमी जातं, आतड्यावर दाब असतो. कोरड्या खाण्यात कोमट पाणी घालून भिजवून द्या. उकडलेला लाल भोपळा, नुसता कुस्करून, 20 किलोच्या कुत्रीला दोन-तीन मोठे चमचे दिवसातून दोनदा. नाही भागलं तर इसबगोल, दर 10 किलोला अर्धा छोटा चमचा, अर्धी वाटी पाण्यात फुगवून अन्नात. कोरडा इसबगोल दिला तर तोच अडकतो. दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं सपाट जागी चालवा. एरंडेल देऊ नका, आतड्याला मुरड पडते आणि गर्भाशयही चाळवतं. मागून साबणाची कांडी किंवा माणसांचा एनिमा घालू नका. फॉस्फेटचा एनिमा लहान कुत्रीच्या जिवावर बेतू शकतो.

57व्या दिवसानंतर कुंथणं दिसलं तर आधी थर्मामीटर काढा. टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात दोन-तीन सेंटिमीटर. एरवी 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 99 च्या खाली गेलं तर साधारण 24 तासांत वेणं आहे, आणि तिचं न खाणं, एखादी उलटी, पातळ होणं हे त्याचाच भाग. अशा वेळी भोपळा नको, अंथरूण तयार करा. जोरात कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, किंवा पहिलं पिल्लू येण्याआधीच गडद हिरवा स्राव दिसला, तर वार सुटतेय, लगेच निघा.

थांबू नये असा आणखी एक प्रसंग: कुत्री ओकायला बघते, तोंडातून फक्त लाळ येते, पोट ढोलासारखं ताठ, अस्वस्थ फेऱ्या मारते. ही पोटाला पीळ पडल्याची लक्षणं. खोल छातीच्या जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन, मुधोळ यांच्यात धोका जास्त, आणि गाभण असल्यानं फुगलेलं पोट कुणाच्या लक्षात येत नाही. हे काम तासांत हाताबाहेर जातं. गगनबावडा किंवा राधानगरीच्या बाजूला राहत असाल तर रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना कुठला, हे आठव्या आठवड्याआधीच विचारून ठेवा. फोनवर सांगायला एका कागदावर तयार ठेवा: मेटिंगच्या तारखा, वजन, ताप, हिरड्यांचा रंग, गेल्या दोन दिवसांत पोटात गेलेलं सगळं (चोरून खाल्लेलंही), जंताच्या औषधाचं नाव नि तारीख.

वेल्यावर कुत्री पिल्लांबरोबर पडलेली वार खाते. दोन-तीन दिवस काळपट, हिरवट पातळ होतं, त्याला औषध लागत नाही. सहा-सात पिल्लं असतील तर दोन-तीन पिल्लांची वार खाऊ द्या, बाकीची उचला. ताप चढला, घाण वासाचा स्राव आला किंवा चौथ्या दिवशीही पातळ होत असेल तर दाखवा. वेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात, विशेषतः पॉमेरेनियनसारख्या लहान जातीत, धापा, थरथर, ताठ पाय दिसले तर रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं आहे. पिल्लं ताबडतोब बाजूला काढा, तोंडातून काही पाजत बसू नका, शिरेतून हळूहळू कॅल्शियम द्यायला डॉक्टरच लागतात.